२३व्या वर्षी छातीत गाठ, नुसती सोनोग्राफी पुरते का?

मिरजकर_मुलगी: धाकट्या बहिणीला डाव्या बाजूला गाठ लागतीये, दुखत नाही, बोटानं दाबली की सटकते. सांगलीत डॉक्टरांनी फक्त सोनोग्राफी लिहून दिली, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) का नाही? आईनं तर रडून घर डोक्यावर घेतलंय.

कृष्णाकाठ: ताई, बरोबर लिहून दिलंय. या वयात स्तनातलं टिश्यू दाट असतं, मॅमोग्राफीत तेही पांढरं आणि गाठही पांढरी, मग दिसणार काय, म्हणून तिशीच्या आत आधी सोनोग्राफीच. सटकणारी गाठ बहुतेकदा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. पण नुसत्या हातानं चाचपून ठरवू नका.

लॅबवाली: रिपोर्टमध्ये बायरॅड्सचा आकडा बघा, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याची श्रेणी. २ म्हणजे साधी. ३ आला तर सहसा सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी, ४ किंवा ५ आला की सुईनं बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी.

कृष्णाकाठ: आणि शेजारच्या काकू लेप सांगतीलच, लावू नका.