मदत हवी आहे: इंजेराला (इथिओपियातल्या आंबोळीला) जाळी पडत नाहीये

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या अदिस अबाबात आहोत. इथे बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपवास, त्या दिवशी मांस, दूध, अंडी काहीच नाही, त्यामुळे आपल्यासारख्या शाकाहारी माणसाची चंगळच, आणि शिरो म्हणजे तर बर्बेरे मसाला घातलेलं आपलं पिठलंच हो!

तर प्रश्न इंजेराचा आहे. टेफचं (हे इथलं बारीक धान्य) पीठ भिजवून तीन दिवस आंबवते, वर पिवळं पाणी येतं (त्याला इर्शो म्हणतात, तेच पुढच्या वेळी विरजणासारखं वापरतात), वास छान आंबूस येतो, पण मितादवर म्हणजे इथल्या मोठ्या तव्यावर घातलं की नुसतं सपाट धिरडं, आंबोळीसारखी जाळी नाहीच, आणि झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायचं असल्याने उलटून लपवताही येत नाही. शेजारची बाई म्हणते थोडं पीठ पाण्यात शिजवून परत मिसळायचं, अब्सित म्हणतात त्याला, ते केलं तर गुठळ्याच झाल्या.

इथल्या थंड रात्रींमुळे आंबायला अजून एक दिवस द्यावा का? की तवाच कमी तापतोय? अब्सित गरम असतानाच मिसळायचं की गार करून? कुणी केलं असेल तर प्लीज नीट सांगा, फोडणीचे इंजेरे खाऊन घरचे वैतागलेत.