टमाटर पेस्ट खा, उसळी सोडा म्हणे!

तुरीचं वावर (यवतमाळ): काल आपल्या गटावर पोस्ट आली: "शंभर ग्रॅम टोमॅटो पेस्टमध्ये ३ मिलिग्रॅम लोह, शिजवलेल्या पिंटो राजम्यात २.१. मग कडधान्यं शिजवत कशाला बसायचं?" रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं.

शंभर ग्रॅम पेस्ट खातं कोण? भाजीत पडतो एक चमचा, सोळा ग्रॅमचा. त्यात अर्धा मिलिग्रॅम लोह, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. राजम्याच्या १७० ग्रॅमच्या वाटीत १५ ग्रॅम प्रथिनं, तितकाच चोथा आणि साडेतीन मिलिग्रॅम लोह. शिवाय पाणी काढलेल्या टमाटराची तुलना पाणी प्यायलेल्या दाण्याशी केली. कोरड्या पिंटोत लोह ५ मिलिग्रॅम आहे, ते का लपवलं?

लाल_चटणी: पोस्ट माझी. लपवलं काहीच नाही, आपण शिजवलेलंच खातो. आणि पेस्टमधलं लायकोपीन, म्हणजे टमाटराला लाल करणारं रंगद्रव्य? शंभर ग्रॅमला २८ मिलिग्रॅम, राजम्यात नावालाही नाही. क जीवनसत्त्व २२, पोटॅशियम हजाराच्या वर. राजम्यात ४३६.

आईची_लेक: पोटॅशियमचं कौतुक सगळ्यांसाठी नाही हो. माझ्या आईचं डायलिसिस सुरू आहे. असंच काही वाचून नातेवाइकांनी टमाटरचं सूप पाजलं अन् पुढच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं. सरसकट सल्ले देऊ नका, हात जोडते.

भेदरंवाला: पेस्ट पेस्ट काय करून रायले राजेहो? मागच्या हिवाळ्यात माह्या वावरात भेदऱ्यायचा, म्हंजे टमाटरायचा, ढीग होता. तोडाईची मजुरीही निघाली नाई, कॅरेटं बांधावर उलटे केले. किलोभर पेस्टले पाच-सहा किलो भेदरं लागते. ते आटवाचं यंत्र गावात काहून नाई?

तुरीचं वावर: भाऊ, विषय पोषणाचा आहे.

भेदरंवाला: माह्या पोराच्या ताटातलं पोषण भावातूनच येते! भाव मिळाला तं डाळ येते घरी. तुमाले वावर नावातच दिसते का?

तुरीचं वावर: सात एकर कोरडवाहू आहे. सोयाबीन पिवळं पडलेलं मीही पाहिलंय. नावावर जाऊ नका.

भेदरंवाला: बरं, शब्द वापस घेतो. पन यंत्राचं बोला कोणी.

लाल_चटणी: यंत्राला माझा पाठिंबा. डबा विकत घेणाऱ्यांनी मात्र मिठाचा आकडा पाहावा. मीठ घातलेल्या पेस्टमध्ये सोडियम कितीतरी जास्त असतं.

अंगणवाडीताई: मी सतरा वर्षं गरोदर बायांची ताटं पाहतेय. पिंटो आमच्या बाजारात कुठून येणार? बरबटी (चवळी) घ्या, शिजवल्यावर शंभर ग्रॅमला साडेसात ग्रॅमवर प्रथिनं, फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही भरपूर. कडधान्यातलं लोह शरीराला सहज लागत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त लागतं. म्हणून बरबटीच्या उसळीवर कच्चं टमाटर चिरून घाला, जेवणावर लगेच चहा घेऊ नका. राजमा आणलाच तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका अन् खदखदून उकळा. कच्चा राहिला तर उलट्या होतात. माझ्या घरी झाल्यात, रात्र जागून काढली.

लाल_चटणी: ताई, तुमचं पटलं. "सोडा" लिहायला नको होतं. पण लायकोपीन तेलात शिजवल्यावरच जास्त लागतं, त्यामुळे फोडणीत पेस्ट राहणारच.

तुरीचं वावर: फोडणीत ठेवा. वाटीत उसळ हवी, एवढंच म्हणत होतो.

भेदरंवाला: फोडणीले भेदरं माह्याकडून न्या. वीस किलो आजच तोडले.