मुलांना मासेमारी शिकवताना मासा मारणेही शिकवावे का?

प्रश्न
आमच्या निसर्गगटातील १० ते १४ वर्षांच्या मुलांना गळाने मासे पकडायला शिकवण्याचे आम्ही ठरवले आहे. पकडलेला प्रत्येक मासा पाण्यात परत सोडावा, म्हणजे मुलांच्या हातून हिंसा घडणार नाही, असे काही पालकांचे म्हणणे आहे. तेवढे पुरेसे आहे का, की खाण्यासाठी मासा मारणेही त्यांनी शिकावे?

उत्तर १
सोडलेला मासा जगतोच, हा समज आधी दूर करायला हवा. गळ घशात खोल रुतला असेल, मासा बराच वेळ पाण्याबाहेर राहिला असेल किंवा तापलेल्या पाण्यातील प्राणवायू कमी झाला असेल, तर पोहत निघून गेलेला मासाही नंतर मरू शकतो. म्हणून सोडणे हे कौशल्य मानूनच शिकवावे. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा. हात ओले करूनच माशाला धरावे, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. गळ गिळला गेला असेल, तर तो ओढून काढण्यापेक्षा तोंडाजवळ दोरी कापणे बहुधा बरे असते.

उत्तर २
वरील सर्व मान्य आहे; तरीही मारणे वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. मासा पिशवीत तडफडत ठेवणे ही खरी क्रूरता असून, डोक्यावर नेमका घाव घालून त्याला तत्काळ बेशुद्ध करणे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकावे. मग पोट उघडून, गाभोळी (मादीच्या पोटातील अंडी) असल्यास ती दाखवावी. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते, हे समजले की विणीच्या काळातील बंदी आणि मोठ्या माद्या सोडून देण्याचा आग्रह मुलांना वेगळा पटवून द्यावा लागत नाही. गळाची दोरी पाण्यात बुडवण्यासाठी शिशाची वजने मात्र वापरूच नयेत. जलपक्षी ती खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते.

उत्तर ३
जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे, तिथल्या शिक्षणातही आधी कौशल्य आणि मग मारणे, हाच क्रम योग्य ठरतो. मुलाने आधी शस्त्राविना हिंडून ठसे, विष्ठा आणि वाऱ्याची दिशा ओळखायला शिकावे. पुढे बंदूक हाती आल्यावरही प्राण्याची ओळख पक्की नसेल किंवा त्याच्यामागे काय आहे हे दिसत नसेल, तर गोळी झाडू नये. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका आणि दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो आणि त्यातूनच शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही साहाय्य होते. आपल्या गटानेही मासेमारीच्या शुल्कातील काही रक्कम काठावरील तुटलेल्या नायलॉन दोऱ्या गोळा करण्यासाठी राखून ठेवावी, असे मी सुचवतो.