मदत हवी आहे: रिक्षा ४० च्या वर जाईना

कोरेगावकर: वडिलांची रिक्षा आठ दिवसांपासून ४० च्या वर जातच नाही. आधी ५५ आरामात गाठायची. प्लग बदलला, एअर फिल्टर साफ केला, काही फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. उद्या सकाळी शाळेची मुलं न्यायचीत. लवकर सांगा.

घाटमाथा: पेट्रोल की सीएनजी?

कोरेगावकर: सीएनजी.

घाटमाथा: मग तेच कारण. माझी पण सीएनजीवर चढाला दमते. पेट्रोलवर टाकून बघ.

जुना_मेस्त्री: सीएनजी काय आठ दिवसांपूर्वी बसवला का? आधी ५५ जात होती म्हणतायत ना ते. कोरेगावकर, चौथ्या गिअरला इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, असं होतं का? तसं असेल तर क्लच प्लेटा गेल्या.

कोरेगावकर: नाही. आवाजच दबतो. मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटतं.

पालक_सातारा: मुलं बसवून ४० पुष्कळ झाले. पुढे एकच चाक, ८ इंची रिम. जोरात वळवली की आतल्या बाजूचं मागचं चाक उचलतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

घाटमाथा: अहो, त्यांना वेग वाढवायचा नाहीये, बिघाड शोधायचाय.

सुनीता_का: रिक्षाचा विषय निघालाय म्हणून विचारते. आमच्या बोळाचं फाटक साडेचार फूट आहे. सासूबाईंसाठी रिक्षा दारापर्यंत येईल का?

घाटमाथा: ताई, रुंदी १३०० मिमी, म्हणजे सव्वाचार फूट. सरळ असेल तर येईल, आरसे आत वळवायला सांगा. लांबी साडेआठ फुटांच्या वर आहे, आत वळणार नाही. रिव्हर्सनेच बाहेर काढावी लागेल.

जुना_मेस्त्री: कोरेगावकर, चार किलोमीटर चालवून या आणि मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघा. टेकवू नका.

कोरेगावकर: डाव्या ड्रमची धग लांबूनच लागते! उजवा कोमट आहे. मागच्या आठवड्यात ब्रेक लायनर बदलले होते, ते लिहायचं राहिलं.

जुना_मेस्त्री: हेच आधी सांगायचं हो! लायनर ड्रमला सतत घासतोय, म्हणून गाडी अडते. ड्रम गार झाला की जॅक लावा, चाक हाताने मोकळं फिरेपर्यंत ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवतो तो) ढिला करा. तरी फिरलं नाही तर व्हील सिलिंडर (ब्रेक दाबला की लायनर ड्रमवर ढकलतो तो) अडकलाय, तो बदला. नंतर रिकामी चालवून ब्रेक नीट लागतो का बघा. त्याआधी मुलं बसवू नका.

कोरेगावकर: आत्ताच निघालो. उद्यासाठी शेजारच्यांची रिक्षा सांगून ठेवलीय.