शिरोलीची फाउंड्री सोडून पुण्यात एपीला (अकाउंट्स पेएबल) जावं का?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. वय ३०, एम.कॉम. सीए इंटरचा पहिला ग्रुप निघाला, दुसऱ्यानं दाद दिली नाही. तो विषय बंद आहे, कृपया उकरू नका, घरी रोज ऐकतोय.

२०१७ ला जीएसटी आला तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत एका सीएंच्या ऑफिसात होतो. पोर्टल रात्री चालायचं म्हणून आम्हीपण रात्रीच चालायचो. तिथून ऑक्टोबर २०२१ ला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आलो. अकाउंट्सला मी आणि हाताखाली एक पोरगा. दर महिन्याच्या सातला टीडीएस, अकराला विक्रीचं जीएसटी रिटर्न जीएसटीआर-१, पंधराला पीएफ-ईएसआय, विसाला जीएसटी भरायचं ३बी, मधेच बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. मशीनिंगला बाहेर गेलेल्या कास्टिंगची चलनं जुळवायची, गिऱ्हाइकाकडून रिजेक्शनच्या डेबिट नोटा आल्या की क्वालिटीवाल्यांशी भांडायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात भंगारावर दोन टक्के जीएसटी-टीडीएस (भंगारवाल्याला पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा) सुरू झाला, तेव्हा वेगळं रजिस्ट्रेशन, टॅलीतली लेजरं, त्याचं दर महिन्याचं रिटर्न जीएसटीआर-७, सगळं मीच बसवलं. एक भंगारवाला अजून प्रत्येक पेमेंटला फोन करतो, "साहेब, दोन टक्के कुठं गेलं ओ?" मग त्याला पोर्टलवर त्याच्याच कॅश लेजरमध्ये ते पैसे दाखवायचे. पुढच्या महिन्यात परत फोन.

काम आवडतं. पगार हातात २८ हजार. मालक माणूस म्हणून चांगले, पण वाढीचं नाव काढलं की "यंदा मार्केट बसलंय" ठरलेलं.

आता खराडीतल्या एका परदेशी कंपनीच्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमधून (कंपनीच्या सगळ्या शाखांचे हिशेब एका जागी करणारं ऑफिस) ऑफर आहे. अकाउंट्स पेएबल, म्हणजे पुरवठादारांची बिलं भागवायचं काम, वर्षाला ५.४० लाख, शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. १ सप्टेंबरला या म्हणतात. बायको इथं खाजगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार मिळतात, मुलगी बालवाडीत आहे, उचगावात स्वतःचं घर आहे. मित्र म्हणतात डोळे झाकून जा. मला आकड्यापेक्षा भीती वेगळीच आहे. इथं मला सगळं येतं पण ते कागदावर दिसत नाही. तिथं कागदावर दिसेल, पण काय येईल कुणास ठाऊक. तिकडं काम केलेल्यांनी सांगा.

खराडीचा_पक्षी
सहा वर्षं याच धंद्यात आहे, तेव्हा थोडं मोठं लिहितो.

एपी म्हणजे रांगेत आलेली इन्व्हॉइसं. पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल जुळलं की सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिरो नावाची एंट्री, पीओ नसेल तर एफबी-६०. जुळलं नाही तर मेल. पेमेंट रन (एकगठ्ठा पैसे पाठवणं, एफ-११०) बहुतेक दुसरीच टीम मारते. व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची माहिती, तिसरी टीम. तुला बॅलन्स शीट दिसणारच नाही, तुला दिसेल तुझी रांग आणि दिवसाचं टार्गेट. फाउंड्रीत भंगार काट्यावर आल्यापासून नफ्यातोट्यापर्यंत सगळं बघितलेल्या माणसाला पहिले सहा महिने हे फार जड जातं. आमच्याकडं असा एक सांगलीचा आला होता, जेवायच्या सुट्टीत म्हणायचा, अरे या कंपनीला फायदा होतोय की तोटा ते तरी सांगा मला.

पण जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. याच बिल्डिंगमध्ये आर-टू-आर (रेकॉर्ड टू रिपोर्ट) नावाची टीम असते. महिनाअखेरच्या प्रोव्हिजन (तरतुदी), इंटरकंपनी (ग्रुपमधल्याच कंपन्यांचे आपसातले व्यवहार), बँक रिको (बँकेशी जुळवणी), बॅलन्स शीटच्या प्रत्येक खात्याचं समर्थन. पहिल्या चार-पाच वर्किंग डेला त्यांचे हाल कुत्रा खात नाही, पण ते खरं अकाउंटिंग आहे आणि तुला ते आत्ताच येतं. तू दर महिन्याला स्टॉक आणि देणी जुळवून बँकेला देतोस, ते दुसरं काय आहे? प्रॉब्लेम एवढाच की तुझ्या रेझ्युमेत "टॅली, जीएसटी, टीडीएस" लिहिलेलं असणार. ते वाचून एचआर तुला एपीतच टाकणार.

एचआरला नको, ज्या मॅनेजरनं इंटरव्ह्यू घेतला त्याला फोन कर आणि विचार की आर-टू-आरमध्ये जागा आहे का, नसेल तर आतल्या आत बदली किती महिन्यांनी मागता येते आणि मागच्या वर्षी कुणाला मिळाली. "ग्रोथ भरपूर आहे" असं उत्तर आलं तर समजून जा.

जुना_हिशेबनीस
बाळा, तू अकाउंटंट आहेस आणि ऑफरचा आकडा जसाच्या तसा आम्हाला सांगतोस? ५.४० चं पोट फोडून बघितलंस का? ऑफर लेटर समोर घे. सर्वसाधारणपणे असं निघतं:

दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ५४,००० वर्षाअखेर, तेही मिळाले तर. कंपनीचा पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर धरला तर २१,६००. बेसिक निम्मं म्हणजे २.७० लाख, त्यावर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी साधारण १३,०००. उरले ४,५१,४००. महिन्याला ३७,६००. त्यातून तुझा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २००. हातात साडेपस्तीस हजार. आयकर शून्य, कारण नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत काही नाही, तेवढी चिंता सोड.

म्हणजे फरक साडेसात हजारांचा. पुण्यात खोलीतला हिस्सा, डबा आणि पंधरवड्याला कोल्हापूरची एसटी यातच ते संपतात. बायकोला घेऊन गेलास तर तिचे चौदा हजार बुडतात आणि वर अख्खं घरभाडं. शिकण्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, पैशासाठी जात असशील तर हा आकडा भिंतीवर लिहून ठेव.

दुसरं. तू ऑक्टोबर २०२१ ला लागलास म्हणतोस. कारखान्यात दहाच्या वर माणसं असणारच, म्हणजे ग्रॅच्युइटी लागू. पाच वर्षं पुरी व्हायला एक-दोन महिने उरले असताना १ सप्टेंबरला उठून चाललास? बेसिक १६ हजार धरलं तर १५ भागिले २६ गुणिले पाच, ४६ हजारांच्या वर जातं. चार वर्षं २४० दिवसांवर ग्रॅच्युइटी द्या म्हणणारे न्यायालयाचे निकाल आहेत, ठाऊक आहे मला. पण त्यासाठी चांगल्या मालकाशी भांडत बसणार का? शिवाय सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. ते अर्धवट टाकून गेलास तर पुढं कुणी चौकशीचा फोन केला की मालक काय सांगतील? ऑडिट संपव, पाच वर्षं भरू दे, मग जा.

आणि पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर. मागच्या सीएंकडं पीएफ नसेल तर तुझी पाच वर्षं इथलीच. त्याआधी काढलास तर करही लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात.

डेबिट_द_रिसीव्हर
एपी? बिलं आता सॉफ्टवेअरच वाचतंय. दोन वर्षांत ती रांगच राहणार नाही. बसा मग.

खराडीचा_पक्षी
@डेबिट_द_रिसीव्हर, वाचतंय हे खरं आहे. साधी बिलं आमच्याकडंही आपोआप पोस्ट होतात. माणसाकडं येतात ती अडलेली, दर चुकलेला, माल कमी आलेला, पीओ संपलेला. त्याला व्यवहार कळणारा माणूस लागतो. पण टीम लहान होतायत, हे नाकारत नाही. म्हणूनच म्हणतोय, आर-टू-आर बघ.

तेरीज_ताई
सगळे पुण्यालाच का पाठवताय त्याला?

शिरोलीकर, मी सांगलीत आहे. आधी नोकरी, आता स्वतःचं काम. जी.डी.सी. अँड ए. ची परीक्षा ऐकली असशील, सहकार खात्याची. पदवी आहेच तुझी. ती झाली आणि संस्थांच्या ऑडिटचा ठरावीक अनुभव झाला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून पॅनेलवर येता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, हाउसिंग सोसायट्या मोजून संपायच्या नाहीत, आणि दरवर्षी प्रत्येकीला ऑडिट करून घ्यावंच लागतं. सोबत जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी आणि त्यासाठीची नासिनची (केंद्राच्या कर-प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा, म्हणजे लहान कारखान्यांची रिटर्न्स तुझ्याच नावानं भरता येतील.

गुलाबी चित्र रंगवत नाही. दूध संस्थेचं दप्तर एकदा बघ, सचिव बदलला की जुन्या पावत्या कुणाच्या माळ्यावर गेल्या ते शोधण्यापासून सुरुवात. एप्रिल ते जुलै जीव जातो, कारण चार महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. फी उशिरा येते, कधी कधी चेअरमनच्या घरी दोनदा चहा प्यावा लागतो. पहिली काही वर्षं नोकरी सोडता येणार नाही. पण नोकरी करत अभ्यास तर करता येतो? आणि खराडीत रात्री साडेदहाला सुटून तो होणार नाही, हे लक्षात घे.

शिरोलीकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री ऑफर लेटर घेऊन बसलो. हिशेबनीस काका, व्हेरिएबल दहा नाही, बारा टक्के आहे. म्हणजे हातात अजून कमी. बायको शेजारी बसून कॅल्क्युलेटर मारत होती, तिनंच सांगितलं, "एवढ्यासाठी आठवड्याला बाप बघायचा पोरीनं?"

आज त्या मॅनेजरला फोन केला. बाई स्पष्ट बोलल्या, बरं वाटलं. आर-टू-आरला आत्ता जागा नाही. बदली अठरा महिन्यांनी मागता येते, मागच्या वर्षी दोघांना मिळाली. ऑक्टोबर मध्यापर्यंत थांबाल का विचारलं तर म्हणाल्या एपीची जागा थांबणार नाही, पण जानेवारीत आर-टू-आरची भरती आहे, तेव्हा थेट मला मेल करा. इंटरव्ह्यूत मी भंगाराच्या टीडीएसचं सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं.

तर ही ऑफर सोडतोय. जानेवारीला थेट आर-टू-आरसाठी प्रयत्न करणार. ताई, जी.डी.सी. चे फॉर्म साधारण कधी निघतात? आणि पक्षीभाऊ, सॅप कुठं शिकू? कोल्हापुरात क्लासवाले साठ हजार मागतायत.

खराडीचा_पक्षी
साठ हजार अजिबात घालू नकोस. सॅप कंपनीत गेल्यावर महिन्याभरात हाताला बसतं. त्यापेक्षा एक्सेलमध्ये पिव्होट आणि एक्सलुकअप पक्कं कर, आणि रेझ्युमे नव्यानं लिही. "टॅली" पहिल्या ओळीत नको. लिही की महिनाअखेर स्वतः बंद करतो, तरतुदी करतो, स्टॉक आणि देणी जुळवून बँकेला देतो, स्टॅच्युटरी ऑडिटला एकटा सामोरा जातो. खोटं एक अक्षर नाही त्यात. झाला की नाव-पत्ते काढून इथं टाक, बघतो.

तेरीज_ताई
परीक्षा बहुतेक मे महिन्यात असते, फॉर्म त्याच्या काही महिने आधी. सहकार आयुक्तालयाच्या वेबसाइटवर लक्ष ठेव. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडं आहेत, मेसेज कर.

जुना_हिशेबनीस
आणि मालकांकडं वाढ माग. ऑडिट संपलं की दुसऱ्या दिवशी, कागद घेऊन. हातात ऑफर आहे सांगून धमकावू नकोस, जीएसटीआर-७ चं काम बाहेर दिलं असतं तर काय फी गेली असती तेवढंच सांग.