कुपवाडचं जॉबवर्क युनिट: ईआरपी घेण्याआधी काय तपासायचं?

लेथवाला_कुपवाड:
कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीच्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशीनिंगचं जॉबवर्क, म्हणजे माल त्यांचा, काम आपलं. 3 सीएनसी आणि 1 व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी 4 मशीन, दोन शिफ्ट, 14 माणसं. बिलं टॅलीत, बाकी सगळं वहीत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. ईआरपीवाले (स्टॉक, उत्पादन, बिलं सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणणारे) मागे लागलेत. आपलं युनिट त्याला तयार आहे का, हे पैसे मोजण्याआधी कसं कळणार?

चलन_जुळवा:
दादा, डेमो राहू द्या, दोन महिन्यांपूर्वीची कुठलीही 10 चलनं (मालासोबत येणाऱ्या पावत्या) काढा. आलेले नग म्हणजे चांगले परत गेलेले, अधिक सीआर (कास्टिंगच्या दोषानं बाद), अधिक एमआर (मशीनिंगमध्ये बाद), अधिक शॉपवर पडून असलेले. एक चलन जुळवायला अर्ध्या तासाच्या वर लागला तर सॉफ्टवेअर थांबवा.

घोळ बहुतेक रिजेक्शनमध्येच असतो. ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) निघालेला नग फौंड्रीचा, बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज झालेला आपला, पण दोन्ही एकाच ढिगात आणि वहीत नुसतं ‘रिजेक्ट 7’. ईआरपीत हे 7 कुणाच्या नावावर घालणार? दोन रंगांचे क्रेट ठेवा, शिफ्ट सुटताना मोजून लिहा. महिनाभर हे टिकलं तर पुढचं बघू. शिवाय जॉबवर्कचा माल 1 वर्षात परत गेला नाही, तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. फौंड्रीला आयटीसी-04 (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायला तुमचेच आकडे लागतात.

मास्टर_साफ:
टॅलीतली आयटमची यादी एक्सेलमध्ये काढून बघा. ‘हाउसिंग’, ‘हौसिंग मोठं’, ‘हाउसिंग नवीन’ हा एकच पार्ट निघेल! पार्ट नंबर आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर एवढंच नाव ठेवा. जुनी रिव्हिजन ऑपरेटरच्या मोबाइलवर राहिली की अख्खा लॉट त्यावर निघतो.

आणि एंट्री कोण करणार? 4 मशीन, 2 शिफ्ट, शिफ्टला 4 नोंदी, म्हणजे रोज 32. नोंदीला 2 मिनिटं धरली तरी तासाच्या वर. ते सुपरवायझरच्या गळ्यात घातलं की तो शनिवारी आठवड्याचं एकदम अंदाजानं भरतो.

लेथवाला_कुपवाड:
सल्लागारानं आपल्या तयारीला 10 पैकी साडेसहा मार्क दिलेत. पुरे का?

चलन_जुळवा:
सरासरी कशाला बघता? इंटरनेटला 9 आणि रिजेक्शनच्या नोंदीला 2 असतील, तर तुमचे मार्क 2. बॅकअपलाही वेगळे मार्क द्या, पण पेनड्राइव्ह दाखवला म्हणून नाही. दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून कालचं शेवटचं बिल दिसलं तरच.