रिचर्ड ग्रिफिथ्स: व्हर्ननकाकांच्या पलीकडे
ब्रिटिश अभिनेते रिचर्ड ग्रिफिथ्स म्हणजे हॅरी पॉटरच्या सिनेमांतले व्हर्ननकाका, बस्स, असं कुणीतरी म्हटलंय. हा त्यांच्यावर अन्याय आहे. माणूस मुळात रंगभूमीचा, रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेला. २००४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात ‘द हिस्टरी बॉइज’ या नाटकातला हेक्टर मास्तर त्यांनी उभा केला, त्यासाठी लंडनच्या रंगभूमीचं २००५ चं ऑलिव्हिए पारितोषिक आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००६ चं टोनी पारितोषिक मिळालं. २००६ मध्येच आलेल्या या नाटकावरच्या सिनेमातही हेक्टर तेच.

आई-वडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे खाणाखुणांची भाषा ते लहानपणीच शिकले. चेहऱ्याचं इतकं बारीक काम मला तरी तिथूनच आलेलं वाटतं. पहिल्या पॉटरपटात रविवारी टपाल येत नाही या आनंदात व्हर्ननकाका कसे खुलतात ते बघा. पुढच्याच क्षणी पत्रांचा लोंढा घुसतो आणि तोच चेहरा पार उतरतो. १९८७ च्या ‘विथनेल अँड आय’ या सिनेमातला त्यांचा अंकल माँटी मात्र चुकवू नका.